बाहुलीचं बाळंतपण

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज हॉस्पिटलात एक बाहुली आली. मानेपासून मांडीपर्यंतच बाई, पुढे पाय नाहीत. पोटाला चेन. चेन उघडली की आत रबरी पोर. पुण्याच्या ट्रेनिंगवाल्या डॉक्टर स्नेहल तिला गाडीतून दोन हातांवर उचलून आणत होत्या. दारात आमच्या आयाबाई सरुमावशी उभ्या होत्या, त्या ओरडल्याच, "आगं बया, ही कुणाची आनली? पाय कुटं हायेत हिचे?"

सव्वीस वर्षं मी या लेबर रूमची इन्चार्ज आहे. कामशेतपासून पार पवनेच्या बाजूपर्यंत एकही गाव नसेल, जिथे माझ्या हातावर जन्मलेलं पोर नाही. आणि आता दर बुधवारी दुपारी मी या बिनपायाच्या बाईची बाळंतपणं करायची. म्हणे टीम ट्रेनिंग. पेशंटची सुरक्षितता. सव्वीस वर्षं मग मी काय पेशंट दरीत ढकलत होते?

डॉक्टर प्रितम हॉस्पिटलचे मालक. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सिस्टर, सर्टिफिकेट मिळणार आहे, भिंतीला लावता येईल. तेवढं सांभाळून घ्या." त्यांना भिंतीची काळजी.

स्नेहलबाईंनी पहिलाच नियम सांगितला. ड्रिल चालू असताना सिनियर-ज्युनियर नाही. जिला काही खटकेल तिने मोठ्याने 'थांबा' म्हणायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. मी विचारलं, "पेशंट थांबेल का हो?" सगळ्या हसल्या. स्नेहलबाईंचं तोंड एवढंसं झालं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज माझा भर वॉर्डात अपमान झाला.

माझी एक पद्धत आहे. सकाळी आठला आल्या आल्या मी गर्भाशय आवळायच्या इंजेक्शनच्या दोन सिरिंजा भरते, चिकटपट्टीवर पेनने नाव लिहून लावते आणि ट्रेमध्ये घालून फ्रिजच्या दारात ठेवते. रक्त वाहायला लागल्यावर काचेची अँप्युल फोडत बसायचं का? ही पद्धत मला कुणी पुस्तकातून शिकवली नाही. अनुभवाने आली.

तर आज ड्रिलमध्ये मी ट्रे उचलला आणि ती प्रतीक्षा म्हणाली, "थांबा, सिस्टर. या सिरिंजवर तारीख नाही, वेळ नाही. कुणी भरली तेही नाही."

प्रतीक्षा म्हणजे आमची नवी मुलगी. बेगडेवाडीहून येते. सहा महिने झालेत, अजून प्रोबेशनवर आहे. तिची पहिली टाक्याची सुई मी हात धरून धरायला लावली होती. आणि ती मला थांबा म्हणते! वर स्नेहलबाई टाळ्या वाजवतात. "उत्तम! हेच हवंय." मग माझ्याकडे वळून, "सिस्टर, आधी भरून ठेवणं बंद करायला हवं. कधीतरी घोळ होतो."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी म्हणाले, "मी भरते, मीच लिहिते. घोळ कसा होईल?" त्या म्हणाल्या, "नियम चांगल्या माणसांसाठीच असतात, सिस्टर. थकलेल्या चांगल्या माणसांसाठी." पाठ करून आल्या असतील.

बाकीच्या गेल्यावर प्रतीक्षाला कपड्यांच्या खोलीत घेतलं. म्हटलं, "बाहुलीपुढे शहाणपण चालतं, माझ्यापुढे नाही. या आठवड्यात रबरी चादरी तू धुवायच्या." तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण टपकू दिलं नाही. एवढी अकड बरी नव्हे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चार बाळंतपणं झाली. सगळी सुखरूप. प्रतीक्षा कामापुरतं बोलते. बाकीच्या मुली ती आली की गप्प होतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांना कळतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आजचं नाटक रक्तस्रावाचं. बाहुलीच्या पोटात लाल पाण्याची पिशवी, स्नेहलबाई नळी सोडतात आणि आम्ही धावायचं. खऱ्या अँप्युली फोडून सराव करा म्हणाल्या. मी साफ नाही म्हटलं. प्लास्टिकच्या बाईला खरं औषध? माझ्या स्टॉकमधला एक थेंब देणार नाही. मी स्वतः सिरिंजांमध्ये सलाइन भरलं, वर माझी नेहमीची चिकटपट्टी लावली. त्यांनी लाल स्टिकर आणले होते, 'फक्त सरावासाठी'. बालवाडीत चिकटवतात तसले. ते तसेच टेबलावर राहिले.

ड्रिलमध्ये प्रतीक्षा मोठमोठ्याने बोलत होती. "दुपारी दोन वाजून दहा, पहिला डोस दिला. दोन चौदा, पोट अजून मऊ." जणू रेल्वेची अनाउन्समेंट. मी कान बंद केले.

संपल्यावर स्नेहलबाईंना लोणावळ्याला दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं होतं, बाहुली काखोटीला मारून गेल्या. मुली चहाला पळाल्या. पसारा मागे आहे, तो कोण आवरणार? मीच. माझ्या वॉर्डात वस्तू जागच्या जागी लागते. लाल पाणी पुसलं, टेबल धुतलं, कात्र्या कात्र्यांत, उरलेल्या सिरिंजा ट्रेत, ट्रे फ्रिजच्या दारात. तेव्हा कुठे मला चहा गोड लागला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रात्रीचे अकरा वाजलेत. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी आले तेव्हा ट्रे भरलेलाच होता. नाईटच्या मुलीला एकदाची अक्कल आली म्हणायची. रजिस्टरला दोन अँप्युली खर्ची टाकायला मात्र विसरली होती, त्या मी टाकल्या.

दुपारी पावणेतीनला औंढ्याची सारिका बाळंत झाली. तेविशीची, पहिलटकरीण. मुलगा, तीन किलो. मी बाळाकडे होते, प्रतीक्षाला म्हटलं, ट्रेतलं दे. तिने मांडीत दिलं. वार पडली. सगळं ठीक. मग सरुमावशी म्हणाल्या, "सिस्टर, रगात थांबंना."

चादर भिजली. दुसरी भिजली. पोटावर हात ठेवला तर भिजवलेल्या कणकेसारखं मऊ. मी मालिश सुरू केली, प्रतीक्षाला म्हटलं, दुसरी सिरिंज सलाइनच्या बाटलीत टाक आणि जोरात सोड. तिने टाकली. काही फरक नाही. सारिकाचे ओठ पांढरे पडले.

आणि तेवढ्यात ही म्हणते, "थांबा." खऱ्या बाईपुढे! "सिस्टर, दोन्ही डोस गेलेत आणि पोट कडक होत नाही. मला ट्रेतल्या सिरिंजांची खात्री नाही. मी नवीन अँप्युल फोडते."

मी ओरडले, "तोंड बंद कर आणि पाय धर! तुझं नाटक बुधवारी!"

तिने पाय धरले नाहीत. फ्रिज उघडला, अँप्युली फोडल्या, एक मांडीत दिली, एक नव्या बाटलीत टाकली, आणि मोठ्याने वेळ सांगितली. मी मालिश करतच होते. पाच मिनिटांत पोट कडक झालं. सव्वीस वर्षांचे हात आहेत हे, उगाच नाहीत.

डॉक्टर प्रितम ओपीडीतून येईपर्यंत रक्त आटोक्यात आलं होतं. रक्ताच्या बाटल्यांसाठी तळेगावला हलवलं. अँब्युलन्समध्ये प्रतीक्षा बसली, कुणी न सांगता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सारिकाला तीन बाटल्या रक्त चढलं. वाचली. देवाची कृपा.

सकाळी डॉक्टरांनी केबिनमध्ये घेतलं. "पहिलं इंजेक्शन लागू का पडलं नाही? कुणी दिलं?" मी सांगितलं, प्रतीक्षाने. हे खरंच आहे, तिनेच दिलं. मग म्हणाले, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, हात बसलेला नाही अजून, मांडीत नीट गेलं नसेल. हेही माझं प्रामाणिक मत आहे. सलाइनमधल्या दुसऱ्या डोसाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

बाहेर सारिकाचे सासरे कोंडाजी आबा आणि नवरा निलेश उभे होते. आबांनी दोन्ही हात जोडले. "सिस्टर, आसं कसं झालं वो? काल सकाळी तर धडधाकट व्हती." आता पेशंटच्या घरच्यांना काहीतरी सांगावं लागतंच. म्हटलं, "नवी मुलगी आहे आबा, हात चुकला. मी होते म्हणून निभावलं."

बोलून झाल्यावर पाहिलं तर मागे प्रतीक्षा उभी होती. स्टोअरमधून येत होती. ती तशीच पुढे निघून गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

कोंडाजी आबा घरी आले. खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची गोणी. यंदाची पहिली झोडणी. मी नको नको म्हणत होते, तर माझ्या पाया पडायला वाकले. सत्तरीचा माणूस. "तुमच्यामुळं सून वाचली. न्हाईतर त्या पोरीनं मारलीच व्हती. काल बेगडेवाडीला जाऊन आलो आमी सातआठ जन. दारात हुबं राहून लय बोललो. तिच्या आयशीला बी सोडली न्हाई. गाव गोळा झालतं."

मी विचारलं, "प्रतीक्षा काय म्हणाली?"

"काय म्हनती? हुबी व्हती खाली मान घालून. खरं आसतं तर बोलली नसती व्हय?"

मला ते आवडलं नाही. दारात जायची काय गरज होती? पण लोकांना राग येतो, त्याला मी काय करणार? नर्सिंगमध्ये आलं की बोल खावे लागतात, मीही खाल्लेत. दुपारी त्यातला तांदूळ शिजवला. घरभर वास सुटला. दोन घास जास्तच गेले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सोमवारी मी स्टॉक मोजते. आज मोजला. गर्भाशयाच्या इंजेक्शनच्या दोन अँप्युली जास्त भरल्या.

कमी भरल्या असत्या तर समजलं असतं. फुटतात, कुणी लिहायचं विसरतं. जास्त कशा भरतील? तीनदा मोजलं. प्रतीक्षाने गुरुवारी फोडलेल्या दोन तिने स्वतः लिहिल्यात, वेळेसकट, सही करून. गुरुवारी सकाळच्या दोन मी लिहिल्या. नाईटच्या मुलीने भरल्या म्हणून.

नाईटच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "नाही सिस्टर, मी तुमच्या ट्रेला कशाला हात लावू? तुम्ही ओरडता ना."

मग गुरुवारी सकाळी त्या ट्रेत काय होतं?

मी खुर्चीत बसले. सरुमावशी पाणी घेऊन आल्या, "काय झालं वो, घाम का आलाय?" मी त्यांना बाहेर जा म्हटलं. फ्रिजचं दार उघडून तिथेच बराच वेळ उभी होते. बुधवारी आवरलं मी. भरलं मी. चिकटपट्टी माझी, अक्षर माझं. औंढ्याच्या त्या पोरीचं रक्त वाहत होतं आणि आम्ही तिला मिठाचं पाणी टोचत होतो. एकीला कळलं, आणि तिला मी तोंड बंद कर म्हटलं.

मला माझीच किळस आली. आणखी काही लिहिता येत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रात्री झोप नव्हतीच. सकाळी पानभर लिहून काढलं, तारीख, वेळ, काय भरलं, कुठे ठेवलं, खाली सही. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. उठून दार लावलं. "सिस्टर, हा कागद कुणी पाहिलाय?" मी म्हटलं, नाही. त्यांनी त्याचे चार तुकडे केले, टोपलीत न टाकता स्वतःच्या खिशात घातले. "बाई जगली ना? बाळ ठीक आहे ना? मग? हे बाहेर गेलं तर उद्या गेटला कुलूप. तुमचं लायसन्स जाईल ते वेगळंच. त्या मुलीला मी कालच सांगितलंय येऊ नको म्हणून. प्रोबेशनवर होती, कुठेही चिकटेल. या वयात तुम्हाला कोण घेणार?"

मी म्हटलं, "तिच्या दारात माणसं गेली होती, डॉक्टर."

"ते तुम्ही पाठवलीत," ते म्हणाले. "मी नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. केबिनमधून बाहेर आले. ओपीडीत पेशंट होते, उठून नमस्कार करत होते. मी कुणाकडे पाहिलं नाही. कागद फाडता येतो. उद्या तोंडाने सांगेन. नोकरी गेली तर जाऊ दे. नाही, जाऊ दे असं सोपं नाही, मला भीती वाटते. पण जाऊ दे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ड्रिल होतं. मी रजा टाकली आणि रिक्षा करून औंढ्याला गेले.

अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या. कोंडाजी आबांनी घाईने खुर्ची आणली, चहा ठेवायला सांगितलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्याउभ्याच सांगितलं. इंजेक्शनमध्ये औषध नव्हतं, सरावाचं पाणी होतं. ते मी भरलं होतं, मीच ठेवलं होतं. प्रतीक्षाने ओळखलं, तिनेच नवीन औषध देऊन सुनेला वाचवलं. तिचा हात चुकला हे मी खोटं सांगितलं.

आबांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. निलेश पुढे आला, मला वाटलं मारतोय. मारलं असतं तर बरं झालं असतं. आबा म्हणाले, "आमी त्या पोरीच्या आयशीला नको नको ते बोललो. तुमी सांगितलं म्हनून. सिस्टर खोटं कशाला बोलंल, म्हनून."

तेवढ्यात आतून आवाज आला. सारिका दाराला धरून उभी होती, अंगावर शाल, तोंड अजून पिवळं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मी शुद्धीत व्हते. ती म्हनली मला खात्री न्हाई, आन तुमी म्हनलात तोंड बंद कर. समदं ऐकलं मी. घरी आल्यावर सांगितलं बी ह्यांला. तर मामंजी म्हनले, बाळंतिनीला वात चढलाय, कायबी बरळती. सिस्टरला जास्त कळतं का तुला?"

आबांनी सुनेकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मग म्हणाले, "निलेश, गाडी काढ. बेगडेवाडीला जायाचं. सिस्टर, तुमी बी चला. जे हितं बोलला ते तितं बोला. तिच्या आयशीपुढं."

टेम्पोत पुढे आबा आणि निलेश बसले, मला मागे बसवलं.

बेगडेवाडीला प्रतीक्षाच्या आईने, भामाबाईंनी, दार अर्धंच उघडलं. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आजून काय ऱ्हायलंय का बोलायचं? की घर पेटवायला आलाव?" आबांनी डोक्यावरची टोपी काढली. शेजारची चार माणसं बाहेर आली. त्या चौघांसमोर मी सगळं पुन्हा सांगितलं. औंढ्यात जीभ अडखळली होती, इथे अडखळली नाही.

प्रतीक्षा आईच्या मागून पुढे आली. घरचा गाऊन, केस मोकळे. इतकी लहान दिसत होती. मी म्हटलं, "प्रतीक्षा, माझं चुकलं. तू म्हणशील तिथे हे लिहून देते."

तिने मला एकच विचारलं. "सारिकाचं हिमोग्लोबिन आता किती आहे?"

मला माहीत नव्हतं. मी एवढा वेळ औंढ्याच्या अंगणात होते, सारिका समोर दाराला धरून उभी होती, आणि मी विचारलंच नव्हतं.

"साडेसात," निलेश मागून म्हणाला. "काल तपासलं."

"कमी आहे," ती त्याला म्हणाली. "गोळ्या चुकवू देऊ नका. चक्कर आली तर वाट पाहू नका, सरळ तळेगाव गाठा. आणि तिला उभं राहू देऊ नका जास्त वेळ." मग तिने आतून कागद आणून गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या आणि निलेशकडून एकदा वाचून घेतल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथेच दाराबाहेर उभी होते.